श्वास थांबल्यावर बाळ सावरते ते कशामुळे? मस्तिष्कस्तंभातील सिरोटोनिनविषयी

नवजात शिशुविभागात नव्याने रुजू झालेल्या एका परिचारिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : सिरोटोनिन म्हटले की मनःस्थिती आणि नैराश्य आठवते, मग तान्ह्या बाळाच्या श्वासाशी आणि रक्तदाबाशी त्याचा संबंध काय? ते कमी असेल तर बाळ झोपेत दगावू शकते असे वाचनात आले, हे खरे आहे का? आणि खरे असेल तर ते तपासता किंवा औषधाने वाढवता का येत नाही? गेली अनेक वर्षे अपुऱ्या दिवसांच्या बाळांसोबत काम करताना हा विषय मला पुन्हा पुन्हा भेटला आहे, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

आधी एक घोटाळा दूर करणे आवश्यक आहे. शरीरात सिरोटोनिनचे दोन वेगळे साठे आहेत आणि त्यांचा एकमेकांशी जवळजवळ संबंध नाही. शरीरातील ९० टक्क्यांहून अधिक सिरोटोनिन आतड्यात तयार होते आणि त्यातील काही रक्तातील बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, उचलून साठवतात. १९४८ साली हा पदार्थ प्रथम वेगळा काढला गेला तो रक्तद्रवातूनच, रक्तवाहिन्या आकुंचित करणारा घटक म्हणून, आणि त्याचे नावही ‘सीरम’ व ‘टोन’ या शब्दांवरून पडले. मेंदूतील सिरोटोनिन मात्र मेंदूच स्वतःपुरते बनवतो. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल रक्तातून मेंदूत जाते आणि टीपीएच-२ या विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने चेतापेशी त्यापासून सिरोटोनिन घडवतात. रक्तातील तयार सिरोटोनिन मेंदूचा अडसर ओलांडून आत जाऊ शकत नाही. हा भेद किती महत्त्वाचा आहे ते एका जुन्या प्रयोगावरून कळते. प्राण्याच्या शिरेत सिरोटोनिन टोचले, तर हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तदाब कोसळतो आणि श्वास काही काळ थांबतो, कारण ते हृदय व फुप्फुसांकडून येणाऱ्या व्हेगस चेतेच्या टोकांना चेतवते. मेंदूच्या खोडातील सिरोटोनिनचे काम याच्या बरोबर उलट दिशेने चालते. रेणू एकच, पण तो कुठे सुटतो त्यावर सगळे ठरते.

मस्तिष्कस्तंभ, म्हणजेच मेंदूचे हे खोड, ज्याला आपण वॉर्डात ब्रेनस्टेमच म्हणतो, त्याच्या अगदी मध्यरेषेवर या चेतापेशींचे पुंजके आहेत. त्यांना ‘राफे’ म्हणतात आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ शिवण असा आहे. मेंदूच्या खोडाचे डावे आणि उजवे अर्ध जिथे जुळतात, तिथे ही शिवण उभी दिसते. १९६४ साली डालस्ट्रोम आणि फुक्से या स्वीडिश संशोधकांनी प्रतिदीप्तीच्या तंत्राने या पेशींचा पहिला नकाशा काढला. वरच्या भागातील पुंजके मोठ्या मेंदूकडे तंतू पाठवतात आणि मनःस्थिती, झोप-जाग यांच्याशी त्यांचाच संबंध अधिक आहे. आपल्या प्रश्नाशी संबंध आहे तो खालच्या, म्हणजे मेड्युला या ब्रेनस्टेमच्या सर्वांत खालच्या भागातील पुंजक्यांचा. ऑब्स्क्युरस, पॅलिडस आणि मॅग्नस ही त्यांची नावे, आणि त्यांच्या जोडीला मेड्युलाच्या पुढच्या पृष्ठभागालगत बाजूला पसरलेल्या काही पेशी. या पेशींची संख्या फार नाही, पण एकेका पेशीचे तंतू विलक्षण दूरवर पोचतात : श्वासाची लय निर्माण करणाऱ्या केंद्रापर्यंत, जिभेचे स्नायू चालवणाऱ्या केंद्रकापर्यंत (म्हणजे चेतापेशींच्या समूहापर्यंत), मानेच्या मज्जारज्जूतून मध्यपटलाला हलवणाऱ्या पेशींपर्यंत, रक्तदाबाचे संदेश स्वीकारणाऱ्या केंद्रकापर्यंत आणि छाती-कंबरेच्या मज्जारज्जूतील त्या पेशींपर्यंत, ज्यांच्यामार्फत सिंपथेटिक चेतासंस्था हृदय व रक्तवाहिन्यांना आदेश देते. श्वास आणि रक्तदाब या दोन्हींना एकाच ठिकाणाहून तंतू जातात, ही रचना लक्षात ठेवावी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे.

श्वासाची लय सिरोटोनिन निर्माण करत नाही. ती मेड्युलातील प्रीबॉट्झिंगर संकुल नावाच्या छोट्या पेशीसमूहात उपजते, हे १९९१ साली दाखवले गेले. सिरोटोनिन त्या लयीला सतत आधार पुरवते. राफेच्या पेशी ठरावीक, संथ आणि जवळजवळ अखंड गतीने संदेश सोडत असतात, आणि त्यामुळे लय निर्माण करणाऱ्या पेशी व स्नायू चालवणाऱ्या पेशी उद्दीपित होण्याच्या उंबरठ्यावर तयार उभ्या राहतात. या पेशी सिरोटोनिनसोबत सबस्टन्स पी आणि टीआरएच ही आणखी दोन संदेशक द्रव्येही सोडतात, आणि तीही श्वासाला उत्तेजन देणारीच आहेत. जिभेच्या स्नायूंना मिळणारा ताण हा याच आधाराचा एक भाग आहे. तो सैल पडला की जीभ मागे जाते आणि आधीच अरुंद असलेला घसा आणखी अरुंद होतो. छाती हलत असूनही हवा आत जात नाही असा अडथळ्याचा ॲप्निया, म्हणजे श्वास थांबणे, आपण अपुऱ्या दिवसांच्या बाळांत पाहतो, त्याच्या मागे हेही एक कारण असते.

इथे एक गुंतागुंत सांगायला हवी. सिरोटोनिनचे ग्राही, म्हणजे पेशींवरील त्याचा संदेश स्वीकारणाऱ्या जागा, अनेक प्रकारचे आहेत आणि ते सगळे एकाच दिशेने काम करत नाहीत. ५-एचटी-२ए आणि ५-एचटी-४ (‘५-एचटी’ म्हणजे सिरोटोनिनच) हे ग्राही साधारणपणे श्वासकेंद्राला चेतवतात, तर राफेच्या पेशींवरच बसलेला ५-एचटी-१ए हा ग्राही त्या पेशींना आवर घालतो, म्हणजे सिरोटोनिन जास्त झाले की स्वतःचाच पुरवठा कमी करतो. त्यामुळे ‘सिरोटोनिन वाढवले की श्वास सुधारेल’ हे सरळ गणित जमत नाही. औषधाच्या प्रश्नाकडे येताना याचा पुन्हा उपयोग होईल.

राफेच्या पेशींचे दुसरे काम म्हणजे रक्तातील कार्बन डायऑक्साइडची चाहूल घेणे. यांतील अनेक पेशी मोठ्या धमन्यांना अगदी चिकटून असतात आणि भोवतालचे रक्त आम्लधर्मी होऊ लागले की त्यांच्या संदेशांची गती वाढते. अशा पेशी जवळजवळ नसलेले उंदीर जनुकीय बदल करून तयार केले गेले, तेव्हा प्रौढ वयात कार्बन डायऑक्साइडला त्यांचा श्वसनप्रतिसाद निम्म्याच्या आसपास उतरलेला आढळला. उरलेला निम्मा प्रतिसाद मेंदूतील इतर संवेदक आणि मानेच्या धमनीजवळची कॅरॉटिड पिंडे सांभाळतात. उंदरांच्या पिल्लांत राफे पेशींची ही संवेदनशीलता जन्मतः पूर्ण नसते, ती पहिल्या काही आठवड्यांत वाढत जाते. जन्मानंतर कॅरॉटिड पिंडांनाही प्राणवायूच्या नव्या, वाढलेल्या पातळीशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. म्हणजे बाळाची पहारा देणारी यंत्रणा सगळ्या बाजूंनी अजून घडत असते, आणि नेमक्या त्याच काळात तिची सर्वांत जास्त गरज पडते.

झोपेचा मुद्दा यात फार मोलाचा आहे. राफेच्या पेशी जागेपणी सर्वांत सक्रिय असतात, शांत झोपेत मंदावतात आणि डोळे हलणाऱ्या झोपेत, म्हणजे आरईएम अवस्थेत, आणखी खूप क्षीण होतात. प्रौढ माणूस या अवस्थेत झोपेचा साधारण चौथा-पाचवा हिस्सा घालवतो. नवजात बाळ दिवसाचे १६-१७ तास झोपते आणि त्यातील जवळपास निम्मा वेळ याच सक्रिय झोपेत असते, अपुऱ्या दिवसांचे बाळ तर त्याहूनही जास्त. याचा अर्थ, हा आधार जेव्हा आपोआप कमी होतो अशा अवस्थेत बाळ रोज कित्येक तास असते. इन्क्युबेटरपाशी बसून पाहिले तर हे डोळ्यांना दिसते : पापण्यांखाली बुबुळे फिरू लागतात, ओठ किंचित हलतात, बोटे फडफडतात, आणि आतापर्यंत एकसारखे वर-खाली होणारे पोट कधी भरभर, कधी उथळ, तर कधी चार-पाच सेकंद अगदी स्थिर होते. मॉनिटरवरील श्वासाची रेघ सपाट होते आणि पुन्हा उठते. हे नियतकालिक श्वसन बहुतांशी निरुपद्रवी असते. थांबा २० सेकंदांहून लांबला, किंवा कमी वेळात ठोके अथवा प्राणवायूची पातळी उतरली, तर मात्र त्याला आपण ॲप्निया म्हणतो.

आता रक्तदाबाकडे वळतो. सिरोटोनिनवरील चर्चेत श्वासाला नेहमी पुढची जागा मिळते आणि रक्तदाब मागे राहतो, आणि माझ्या मते या विषयाची समज तिथेच अपुरी राहते. नवजात बाळाचा रक्तदाब मुळातच कमी असतो. जन्माच्या वेळी सरासरी रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये साधारणपणे गर्भाच्या आठवड्यांच्या आकड्याइतका तरी असावा, हा वॉर्डातील ढोबळ नियम आपणास ठाऊक असेलच. म्हणजे २८ आठवड्यांच्या बाळाला २८ च्या आसपास. इतक्या कमी दाबावर चालणाऱ्या यंत्रणेत घसरण सोसण्याची मुभा थोडीच असते. हा दाब टिकवणाऱ्या सिंपथेटिक चेतांना मज्जारज्जूत जो सततचा आधार मिळतो, त्यात राफेतून उतरणाऱ्या सिरोटोनिनच्या तंतूंचा वाटा आहे. रक्तवाहिन्या किती आवळलेल्या ठेवायच्या, उठता-बसता किंवा मान वळवताना दाब किती लवकर सावरायचा, थंडी लागली तर त्वचेतील रक्त किती आटोपते घ्यायचे आणि तपकिरी चरबी जाळून किती उष्णता निर्माण करायची, या सगळ्यांत हेच पुंजके भाग घेतात. त्यामुळे तापमान, दाब आणि श्वास हे तीन वेगळे विषय म्हणून न पाहता एकत्र पाहावेत, असा माझा आग्रह असतो. थंड पडलेले बाळ श्वास विसरते, हे आपण अनुभवाने शिकतो. त्यामागची शरीररचना ही आहे.

पालथे झोपवण्याचा धोकाही या बाजूने पाहिला तर अधिक उलगडतो. पालथ्या बाळाचे तोंड गादीत दबून तेच ते उच्छ्वासाचे वायू आत जातात, हे कारण सर्वांना माहीत असते. पण झोपेतील मोजमापांत असेही दिसले आहे की पालथ्या स्थितीत बाळाचा रक्तदाब, विशेषतः दोन ते तीन महिन्यांच्या वयात, उताण्या स्थितीपेक्षा कमी असतो आणि बाळ सहज जागे होत नाही. तोंडासमोर कार्बन डायऑक्साइड साचत असताना त्याच वेळी दाबही खाली आणि जागही अवघड.

श्वास खरोखरच थांबतो आणि प्राणवायू संपत येतो तेव्हा काय घडते, ते पाहू. नवजात बाळाचा प्राणवायूच्या कमतरतेला प्रतिसाद दोन टप्प्यांचा असतो : प्रथम श्वास थोडा वाढतो, मग काही मिनिटांतच उतरतो. कमतरता तीव्र असेल तर श्वास पूर्ण थांबतो, हृदयाचे ठोके मंदावतात, आणि मग शेवटचा उपाय म्हणून मेड्युला आचके सुरू करते. आचका म्हणजे तोंड उघडून अचानक घेतलेला खोल श्वास. मरणासन्न माणसाशी हा शब्द जोडला गेला असला, तरी नवजात बाळाच्या बाबतीत आचका ही जगण्याची खटपट असते, आणि निसर्गाने बाळाला ती प्रौढांपेक्षा कितीतरी जास्त वेळ करता येईल अशी दिली आहे. एका आचक्याने फुप्फुसात हवा जाते. पण ती हवा हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचायची असेल, तर महाधमनीत हृदयाच्या स्वतःच्या धमन्या भरण्यापुरता दाब शिल्लक हवा. दाब असेल तर दोन-चार आचक्यांत हृदयाला प्राणवायू मिळतो, ठोके वाढतात, त्यामुळे दाब आणखी चढतो, मेंदूला रक्त पोचते आणि नेहमीचा श्वास परत येतो. दाब आधीच कोसळला असेल, तर आचके चालू राहतात आणि तरी काहीच बदलत नाही. आपोआप सावरण्याच्या या साखळीत श्वास हा पहिला दुवा आहे, पण ती तुटते ती बहुधा दुसऱ्या दुव्यावर.

प्राण्यांवरील प्रयोग नेमके याच ठिकाणी बोट ठेवतात. पेट-१ हे जनुक नसलेल्या उंदरांच्या पिल्लांत सिरोटोनिनच्या बहुसंख्य पेशी तयारच होत नाहीत. ही पिल्ले एरवी श्वास घेतात, दूध पितात, पण प्राणवायू तोडून श्वास थांबवला तर ती सामान्य पिल्लांपेक्षा उशिरा सावरतात आणि काही सावरतच नाहीत. जन्मानंतर औषधाने मेड्युलातील सिरोटोनिन पेशी नष्ट केलेल्या पिल्लांतही तसेच दिसले : प्राणवायूचा तुटवडा पुन्हा पुन्हा घडवला की त्यांच्या हृदयाचे ठोके आणि रक्तदाब टिकून राहत नाहीत. पहिला धक्का अनेक पिल्ले पचवतात, पुढचे पचवणे कठीण होत जाते. ‘आधी दोनदा बाळ आपोआप ठीक झाले होते’ हे वाक्य मला कधीच दिलासा देत नाही, ते यामुळेच. सिरोटोनिनच्या पेशी जवळजवळ नसलेल्या दुसऱ्या जातीच्या पिल्लांत पहिल्या दोन आठवड्यांत लांबलांब ॲप्निया आणि मोठा मृत्युदर आढळतो, पण जी जगतात त्यांचा श्वास पुढे बराच सुधारतो. इतर यंत्रणा परिपक्व होऊन भार उचलतात. म्हणजे ही उणीव जन्मभराची असली, तरी धोका एका ठरावीक खिडकीपुरता असतो.

माणसाच्या बाळांत अशीच खिडकी दिसते. झोपेत होणारा शिशूंचा अकस्मात मृत्यू, ज्याला सिड्स म्हणतात, दोन ते चार महिन्यांच्या वयात सर्वाधिक आणि सहा महिन्यांनंतर विरळ असतो. बोस्टन येथील हॅना किनी यांच्या गटाने अशा बाळांच्या मस्तिष्कस्तंभाचा अनेक वर्षे अभ्यास केला. २००६ साली त्यांनी ५-एचटी-१ए ग्राहींशी होणारे बंधन कमी असल्याचे दाखवले, आणि २०१० साली मेड्युलातील सिरोटोनिन तुलनेच्या बाळांपेक्षा २६ टक्क्यांनी आणि टीपीएच-२ हे विकर २२ टक्क्यांनी कमी असल्याचे नोंदवले. यावरून ‘सिरोटोनिन कमी म्हणून बाळ गेले’ असे म्हणता येत नाही. ही उणीव सर्व बाळांत सारखी नव्हती. फिलियानो आणि किनी यांनी १९९४ मध्ये मांडलेले तीन धोक्यांचे प्रारूप इथे अधिक प्रामाणिक वाटते : मुळात कमकुवत बाळ, वाढीचा नाजूक काळ आणि बाहेरून आलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले तरच घात होतो. यातला पहिला घटक आपल्याला दिसत नाही आणि दुसरा टाळता येत नाही. तिसरा मात्र आपल्या हातात आहे. उताणे झोपवणे, सपाट व टणक गादी, तोंडाजवळ उशी किंवा जाड पांघरूण नसणे, बाळाला फार न गुंडाळणे आणि घरात धूम्रपान न होणे, या साध्या गोष्टींनी पुष्कळ बाळे वाचली आहेत. उताणे झोपवण्याच्या मोहिमा सुरू झाल्यावर अनेक देशांत हे मृत्यू निम्म्याहून खाली आले, आणि तेव्हा कुणाच्याही मेंदूतील सिरोटोनिन बदलले नव्हते. गरोदरपणातील धूम्रपानाचा उल्लेख वेगळा करतो, कारण निकोटिन वार (प्लॅसेंटा) ओलांडून गर्भापर्यंत पोचते आणि घडत असलेल्या सिरोटोनिन यंत्रणेतच ढवळाढवळ करते, असे प्राण्यांत स्पष्ट दिसले आहे.

तपासणीचा प्रश्न उरतो. मस्तिष्कस्तंभातील सिरोटोनिन जिवंत बाळात मोजण्याची वॉर्डात वापरता येईल अशी कोणतीही पद्धत नाही. २०१७ साली सिड्सने गेलेल्या ६१ बाळांपैकी १९ जणांच्या, म्हणजे सुमारे ३१ टक्के बाळांच्या रक्तद्रवात सिरोटोनिन वाढलेले आढळले, आणि त्यावरून रक्ताची तपासणी निघेल अशी आशा निर्माण झाली. पण रक्तातील सिरोटोनिन हे आतड्याचे, मेंदूचे नव्हे, हे सुरुवातीला सांगितलेच आहे. त्या आकड्याच्या आधारे एखाद्या आईला ‘तुमचे बाळ सुरक्षित आहे’ किंवा ‘धोक्यात आहे’ असे सांगणे आज योग्य ठरणार नाही. घरी वापरायचे मॉनिटर असे मृत्यू टाळतात असेही सिद्ध झालेले नाही.

औषधाबाबत म्हणाल, तर अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या ॲप्नियासाठी आपण कॅफीन देतो आणि ते उत्तम काम करते, पण ते ॲडिनोसिनचे ग्राही रोखून श्वासकेंद्रावरचा दाबून टाकणारा प्रभाव काढते. सिरोटोनिनशी त्याचा थेट संबंध नाही. सिरोटोनिन वाढवणारी औषधे बाळाला देण्यात अडचण अशी की ती सगळीकडे एकदम वाढवतात : जिभेच्या केंद्रकात, मज्जारज्जूत, आणि ज्या ५-एचटी-१ए ग्राहींमुळे राफेच्या पेशी गप्प होतात त्यांच्यावरही. कोणत्या वेळी, कोणत्या जागी, किती, हे ठरवण्याची जी किमया निरोगी राफे करते, तिची जागा गोळी किंवा सलाईन घेऊ शकत नाही. त्यामुळे वॉर्डातील खरा उपचार बाळाला वेळ मिळवून देण्याचा आहे. श्वास थांबल्याची घंटा वाजली की तळपायाला हलकेच चोळणे, मान सरळ करून घसा मोकळा करणे, ठोके उतरत असतील तर न रेंगाळता पिशवीने श्वास देणे. माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांना मी त्या क्षणी श्वासाच्या रेघेपेक्षा ठोक्यांचा आकडा आणि तळहाताचा रंग पाहायला सांगतो. बाळाने स्वतः श्वास घेतला, पण ठोके ९० वरच अडकले आणि केशवाहिन्या दाबून सोडल्यावर रंग तीन सेकंदांनंतरही परतला नाही, तर ते अजून सावरलेले नाही, आणि तिथून हलायचे नाही.

शेवटी, आपण न विचारलेला पण मातांकडून हमखास येणारा एक प्रश्न. गरोदरपणात नैराश्यासाठी एसएसआरआय या सिरोटोनिनचा प्रभाव वाढवणाऱ्या गटातील औषध चालू असेल, तर बाळाच्या या यंत्रणेला धक्का बसतो का? हे औषध वार ओलांडून बाळापर्यंत जाते. काही बाळे जन्मानंतर थरथरतात, चिडचिडी होतात, त्यांचा श्वास जलद होतो किंवा ती नीट ओढत नाहीत, आणि बहुतेकांचा हा त्रास काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत शमतो. फुप्फुसांतील रक्तदाब चढा राहण्याचा धोका थोडा वाढतो असे दिसते, पण ते हजारात दोन-तीन बाळांपुरतेच आहे आणि तो प्रकार मस्तिष्कस्तंभाचा नसून फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा आहे. म्हणून मातेने स्वतःहून औषध बंद करू नये, कारण उपचाराविना राहिलेले नैराश्य आई आणि बाळ दोघांनाही अधिक महागात पडते. आपल्याकडे असे बाळ दाखल झाले, तर पहिले दोन-तीन दिवस त्याचा श्वास, ठोके, तापमान आणि दूध ओढण्याची ताकद नोंदवत राहावे, आणि आईला तिचे औषध सुरू ठेवण्याबद्दल अपराधी वाटेल असा एकही शब्द आपल्याकडून जाऊ देऊ नये.